गोळ्या गेल्या कुठे?

अठ्ठावीस आणि अठ्ठावीस. १८ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधून एफएचआय या संशोधन संस्थेनं जे निवेदन काढलं, त्याचा सगळा निकाल या दोन आकड्यांत होता. केनिया, दक्षिण आफ्रिका आणि तान्झानियातल्या एचआयव्ही नसलेल्या पण धोका मोठा असलेल्या बायका दोन गटांत वाटल्या होत्या. एका गटाला रोज टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन यांची एकत्र गोळी, दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली गोळी. तोवर ५६ जणींना लागण झाली होती आणि ती दोन्ही गटांत अगदी समसमान. औषध घेणं आणि न घेणं यात तसूभरही फरक नाही, असा त्याचा सरळ अर्थ. देखरेख समितीनं सांगितलं, थांबवा.

हा धक्का बसायला कारण होतं. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१० मध्ये, हीच गोळी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये आणि ट्रान्स स्त्रियांमध्ये लागण ४४ टक्क्यांनी कमी करते असं सिद्ध झालं होतं. लागण होण्याआधीच घ्यायच्या या औषधाला ‘प्रेप’ म्हणतात आणि त्या हिवाळ्यात प्रेप हा जगभरच्या एड्स कार्यकर्त्यांचा लाडका शब्द झाला होता. पुढे जुलै २०११ मध्ये केनिया-युगांडातल्या जोडप्यांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. तिथं हीच गोळी सुमारे ७५ टक्के संरक्षण देत होती. पुरुषांना आणि बायकांनाही. म्हणजे केनियातल्या एका बाईच्या शरीरात गोळी काम करत होती आणि त्याच केनियातल्या दुसरीच्या शरीरात करत नव्हती. आता कोडं तयार झालं.

फेम-प्रेप नावाच्या त्या थांबलेल्या चाचणीच्या प्रमुख होत्या डॉ. लुट व्हॅन डॅम, मूळच्या बेल्जियमच्या. या बाईंच्या वाट्याला आलेलं दुर्दैव विज्ञानाच्या इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल. त्यांचा पहिला मोठा अभ्यास नोनॉक्सिनॉल-९ या जेलवरचा, आफ्रिका आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत केलेला. २००० मध्ये कळलं की जेल संरक्षण तर देत नाहीच, वारंवार वापरणाऱ्यांचा धोका उलट वाढवतं. दुसरा अभ्यास सेल्युलोज सल्फेट या जेलवरचा. त्यात भारतातली दोन केंद्रं होती, चेन्नई आणि आपल्या सांगली-सोलापूरच्या पलीकडचं बागलकोट. जानेवारी २००७ मध्ये तोही थांबवावा लागला. आणि आता तिसरा.

पुण्यात बसून या परक्या चाचणीची चर्चा का करायची, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर शुक्रवार पेठेतल्या गाडीखान्याच्या दवाखान्यात आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, १९९२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांची नोंद ठेवायला घेतली. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात ९१६ जणींची तपासणी झाली. त्यांतल्या ५२५ वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ४९.९ टक्के निघालं. दोघींमागे एक. उरलेल्या ३९१ जणींनी हा व्यवसाय कधी केला नव्हता. त्यांच्यातही ते १३.६ टक्के होतं. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. (कोविडच्या दिवसांत रोज संध्याकाळी टीव्हीवर शांतपणे बोलणारे ते हेच गंगाखेडकर.) त्याआधी ‘नारी’च्याच दुसऱ्या निबंधात दिसलं होतं की लागण नसलेल्या धंदेवाल्या बायकांपैकी वर्षाला शंभरात सुमारे २६ जणींना नव्यानं लागण होते आहे.

पुण्याच्या डॉक्टरांना या आकड्यांनी एकच गोष्ट शिकवली. निरोध वापरायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवतो, नाहीतर नवरा. बाईच्या स्वतःच्या हातात राहील, कुणाची परवानगी लागणार नाही, असं काहीतरी हवं. म्हणून टेनोफोव्हिर गोळीच्या रूपात गाजण्याआधी जेलच्या रूपात पुण्यात येऊन गेलं होतं. बर्मिंगहॅम, न्यूयॉर्क आणि पुणे अशा तीन ठिकाणच्या २०० बायकांच्या चाचणीत सहा महिने ते तपासलं गेलं. निम्म्यांनी रोज वापरायचं, निम्म्यांनी संबंधांच्या आधी. फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीच्या परिषदेत सांगितलं गेलं की जेल सुरक्षित आहे. त्यामुळे २०११ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेत जे कोसळलं, त्याची धूळ भोसरीपर्यंत आली, असं म्हणायला हरकत नाही.

कोड्यात संशयित तीन होते. पहिला, औषध योनीमार्गाच्या पेशींत पुरेसं पोचत नसेल. दुसरा, अभ्यासातल्या बायका गर्भनिरोधकं वापरत होत्या. त्यांतल्या संप्रेरकांनी काही गडबड केली असेल. तिसरा संशयित इतका साधा होता की त्याच्यावर आळ घ्यायलाही संकोच वाटावा. बायकांनी गोळ्या घेतल्याच नसतील.

तिसऱ्याला सोडून द्यायला पुरावा भक्कम होता. ९५ टक्के बायकांनी सांगितलं होतं, आम्ही बहुतेक रोज किंवा रोजच गोळी घेतो. दर महिन्याला डबी परत यायची, उरलेल्या गोळ्या मोजल्या जायच्या. त्या हिशेबानं ८८ टक्के दिवस गोळी घेतली गेली होती. शाळेत इतकी हजेरी असती तर मुख्याध्यापकांनी पेढे वाटले असते.

मग रक्ताचे साठवलेले नमुने बाहेर काढले. टेनोफोव्हिर खोटं बोलत नाही; शेवटची गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल तर ते रक्तद्रव्यात सापडतं, नसेल तर सापडत नाही. ज्यांना लागण झाली होती त्यांच्यापैकी, लागणीच्या सुमाराच्या नमुन्यांत औषध सापडलं ते फक्त सव्वीस टक्क्यांमध्ये; त्यापुढच्या नमुन्यांत एकवीस टक्क्यांमध्ये. लागण न झालेल्यांतही ते चाळीस टक्क्यांच्या खालीच. ऑगस्ट २०१२ मध्ये हे छापून आलं. औषधाची परीक्षा झालीच नव्हती. ते पोटातच गेलं नव्हतं, तर पास काय आणि नापास काय?

एका चाचणीला अपघात म्हणता येतं. मार्च २०१३ मध्ये ‘व्हॉइस’ या दुसऱ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा ती सोयही राहिली नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ बायका. टेनोफोव्हिर गोळी, जोडगोळी आणि जेल असे तीन पर्याय. विचारल्यावर वापर नव्वद टक्के. रक्तात मात्र तिन्ही गटांत औषध सापडलं ते तीस टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत. सुमारे निम्म्या बायका अशा की, त्यांच्या एकाही नमुन्यात औषधाचा मागमूस नव्हता. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच नाही. आणि तरीही त्या दर महिन्याला न चुकता दवाखान्यात येत होत्या, रक्त देत होत्या, डबी परत करत होत्या.

या टप्प्यावर वैद्यकीय जगातून एक सूर निघाला, तो मला आजही खटकतो: बायकांनी फसवलं. करोडो डॉलर पाण्यात घातले. पण थोडं थांबून बघा. जिला औषध नकोच आहे, ती महिन्याच्या महिन्याला तंगडतोड करत का येईल? याचं उत्तर शोधायला निघालेल्यांची कामगिरी मला प्रयोगशाळेतल्या शोधापेक्षा मोठी वाटते. ‘व्हॉइस’च्या संशोधकांनी काही बायकांना परत बोलावलं आणि प्रत्येकीसमोर तिच्या स्वतःच्या रक्ताचे आकडे ठेवले. आरोप म्हणून नव्हे. हे असं दिसतंय, आता तुम्ही सांगा, एवढंच. फेम-प्रेपमधल्या बायकांशीही तसंच बोलणं झालं. तोवर गुळमुळीत चाललेली उत्तरं तिथं मोकळी झाली.

एचआयव्हीच्या गोळ्या एचआयव्ही झालेले लोक घेतात, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. घरात डबी सापडली की मग सांगत बसा, मला झालेला नाही, होऊ नये म्हणून घेते. ऐकणार कोण? प्लास्टिकच्या डबीत तीस गोळ्या असतात आणि पिशवी हलली की त्या खुळखुळतात. बसमध्ये शेजारचीला ऐकू जातं. काहींना मळमळायचं. काहींनी ऐकलं होतं की या गोळ्यांनीच रोग होतो. फेम-प्रेपमधल्या सुमारे सत्तर टक्के बायकांना आपल्याला धोका फारसा नाही असंच वाटत होतं. जो माणूस रोजचा, त्याच्यापासून कसला धोका? आणि गोळ्या मोजून परत द्यायच्या असतात, म्हणून दवाखान्याच्या वाटेवर जादाच्या टाकून दिल्या जायच्या. खरं का सांगितलं नाही? तर नाव काढून टाकतील. त्या अभ्यासामुळे नियमित तपासणी होत होती, उपचार मिळत होते, कुणीतरी नीट बोलत होतं. गोळी घेतली नाही म्हणून एवढं सगळं घालवायचं, हा सौदा कोणती शहाणी बाई करील? हिशेबात चुकले होते ते प्रश्न विचारणारे.

खरं तर इशारा सात वर्षं आधीच मिळाला होता. २००४ मध्ये कंबोडियात, नॉमपेन्हमधल्या धंदा करणाऱ्या बायकांवर टेनोफोव्हिरची चाचणी होणार होती. तिथल्या बायकांच्या संघटनेनं विचारलं, दहा-वीस वर्षांनी मूत्रपिंडं गेली तर औषधपाण्याचं कोण बघणार? विमा काढा. संशोधकांकडे उत्तर नव्हतं. जुलैत बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत घोषणा झाल्या आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी बंद केली. टेनोफोव्हिरच्याच दुसऱ्या चाचणीचं कॅमेरूनमधलं केंद्रही २००५ मध्ये बंद पडलं. तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी हात चोळले, अडाणीपणा म्हणून. मला तो अडाणीपणा वाटत नाही. अंगावर प्रयोग करून घ्यायला तयार असलेल्या माणसानं विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.

दरम्यान पहिल्या संशयिताच्याही झडतीत काही सापडलं. कोलोराडो विद्यापीठातल्या पीटर अँडरसन यांनी तांबड्या रक्तपेशींत साठणारं टेनोफोव्हिर मोजायची पद्धत बसवली. तिथं ते निम्मं व्हायला सतरा दिवस घेतं, त्यामुळे बोटातून काढलेल्या रक्ताचा वाळलेला ठिपका गेल्या महिना-दीड महिन्याचा हिशेब देतो. मधुमेह्याची तीन महिन्यांची साखर काढतात त्यातलाच प्रकार. त्यातून पुरुषांबाबत दिसलं की आठवड्याला चार गोळ्या पोटात गेल्या तरी संरक्षण उत्तम मिळतं. योनीमार्गाच्या पेशींत मात्र हे औषध गुदमार्गापेक्षा कितीतरी कमी साठतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात केलेल्या गणितानुसार बाईला आठवड्यात सहा-सात गोळ्या लागतात. म्हणजे ज्या बाईला डबी लपवावी लागते, जिची रात्र कुठं संपेल ते संध्याकाळी ठाऊक नसतं, तिलाच जवळजवळ एकही दिवस चुकवायची मुभा नाही. निसर्गानं ही वाटणी करताना कुणाचा विचार केला होता, देव जाणे.

आता भारतात येऊ. डॉ. स्मरजित जाना १९९२ मध्ये कोलकात्याच्या सोनागाछीत गुप्तरोगांचं सर्वेक्षण करायला गेले, तेव्हा तिथं निरोधचा वापर तीन टक्क्यांहूनही कमी होता. जाना यांनी धंद्यातल्याच बायकांना साडीवर हिरवा कोट चढवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. तीन वर्षांत वापर ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेला. त्या बायकांनी १९९५ मध्ये ‘दुर्बार’ ही आपली संघटना काढली. आपल्याकडे सांगलीत मीना शेषू यांची ‘संग्राम’ त्याच सुमारास याच वाटेनं चालत होती आणि १९९६ मध्ये तिथल्या बायकांनी ‘व्हॅम्प’ उभी केली. म्हैसूरमध्ये पुढच्या दशकात ‘अशोदया’ आली.

प्रेप भारतात आणायचं ठरलं तेव्हा ‘दुर्बार’ आणि ‘अशोदया’ यांनी आधी घासाघीस केली. गोळी आली की गिऱ्हाईक म्हणेल, आता निरोध कशाला? ज्या बहिणींना आधीच लागण झाली आहे त्यांची औषधं कमी पडत असताना निरोगी बायकांना गोळ्या वाटायच्या? याचे खुलासे झाले, गोळ्या कोण वाटणार ते ठरलं, अफवा उठली तर कुठं जाऊन बोलायचं ते ठरलं. मग २०१६ मध्ये काम सुरू झालं. कोलकात्यात ६७८ आणि म्हैसुरात ६४७ अशा १,३२५ बायका. गोळी द्यायला येणारी शेजारच्या खोलीतलीच, मळमळ सुरू झाली तर आपलं कसं झालं होतं ते सांगणारी. इथं रक्तही तपासलं. नमुना घेतलेल्यांपैकी बहुतेकींच्या रक्तात औषध होतं. दोन्ही ठिकाणी अभ्यासाच्या काळात एकीलाही लागण झाली नाही.

या यशाचा हिशेब करताना एक गोष्ट विसरली जाते. सोनागाछी ही वस्ती आहे. गल्ली आहे, दार आहे, दारात उभी राहणारी शेजारीण आहे. आता पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसा. बुधवार पेठेसारखी बोट दाखवता येईल अशी वस्ती मावळात नाही. इथला धंदा फोनवर ठरतो आणि लॉजवर, भाड्याच्या बंगल्यात, जुन्या हमरस्त्याच्या ढाब्यामागे होतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी, भुशी धरणाच्या गर्दीबरोबर, जास्त. बाई पिंपरीहून किंवा मुंबईहून येते, सोमवारी निघून जाते. कामशेतला तिला ओळखणारं कुणी नाही, आणि ओळखलं जाऊ नये हीच तर तिची गरज. पोलिसांची धाड पडली की पर्स उलटी होते. पर्समध्ये निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात बजावलं आहे. गोळ्यांच्या डबीबद्दल अजून कुणी काही बजावलेलं नाही. अशा बाईनं सात दिवसांत सात गोळ्या घ्यायच्या, आणि त्याही घरी नवऱ्याला किंवा सासूला कळू न देता.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे ‘नॅको’नं, प्रेपची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये काढली आहेत. देशभरात या व्यवसायातल्या बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०२१ च्या पाहणीत १.८५ टक्क्यांवर आलं होतं. गाडीखान्याच्या त्या दिवसांशी याची थेट तुलना करता येत नाही, पण उतार कुणालाही दिसेल. तो उतार मुख्यत्वे वस्त्यांमधून, निरोधमधून आणि मोफत औषधोपचारांमधून आला. हमरस्त्यावर विखुरलेल्यांना गाठणं हे वेगळं काम आहे.

त्यासाठी आता रोजच्या गोळीशिवायही काही हाताशी येतं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या पाच हजारांवर मुली-बायकांवर लेनाकापाविर या इंजेक्शनची चाचणी झाली. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. २४ जुलै २०२४ रोजी म्युनिकच्या परिषदेत डॉ. लिंडा-गेल बेकर यांनी आकडा सांगितला. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी लागण झालेल्या शून्य. सभागृह उभं राहिलं. याच चाचणीत रोजच्या जुन्या गोळीच्या गटात १,०६८ पैकी सोळा जणींना लागण झाली, आणि वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यांनी तिथंही तेच सांगितलं जे २०१२ मध्ये रक्तद्रव्यानं सांगितलं होतं. बारा वर्षांत बायका बदलल्या नव्हत्या, त्यांची घरं आणि शेजारपाजारही नाहीत. बदललं होतं ते औषध. डबीच राहिली नाही, तर खुळखुळणार काय?

अमेरिकेत या इंजेक्शनला जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, पण तिथली किंमत आपल्या कुणाच्या आवाक्यातली नाही. जेनेरिक बनवायचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या दोन भारतीय कंपन्यांच्या करारांतून गरीब देशांसाठी २०२७ पासून वर्षाला चाळीस डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, असा दर जाहीर झाला. लोणावळ्यात एका रात्रीच्या खोलीला पावसाळ्यात याहून जास्त पडतात.

किंमत उतरेल. पण सुई टोचणारा दवाखाना उघडा असायला हवा, आणि सरकारी ओपीडी सकाळी भरते, रविवारी बंद असते. मावळात येणारी बाई शनिवारी दुपारनंतर येते. तिच्यासाठी लोणावळा स्टेशनजवळ शनिवारी संध्याकाळी दोन तास एक खोली उघडी ठेवायची, दारावर एचआयव्हीचा फलक लावायचा नाही, रक्तदाब, गर्भनिरोधक आणि इंजेक्शन एकाच टेबलावर द्यायचं, आणि टेबलामागे बसवायची ती या धंद्यातली जाणती बाई. सहा महिन्यांनी पुन्हा या, हे तिनं सांगितलं तर ऐकलं जाईल.